वृद्धेचा हात आणि घरच्यांची घाई

न्हाणीघरात पाय घसरतो, पडताना हात पुढे येतो आणि दंडाचे हाड खांद्यालगत मोडते. उतारवयात, विशेषतः स्त्रियांना, हा अपघात अधिक घडतो. ऋतुनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होत जातात. मग घरात दोन सूर निघतात. एक म्हणतो, "आता या वयात हाताचे काय एवढे?" दुसरा थेट सांधेबदलाचा आग्रह धरतो. आमच्या मते दोन्ही सूर चुकीचे आहेत.

हाडाचे तुकडे फारसे सरकले नसतील तर हात झोळीत ठेवून आणि वेळीच व्यायाम सुरू करून बहुतेक रुग्ण बरे होतात. तुकडे सरकलेल्या २५० रुग्णांची ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांत पाहणी झाली. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेले व न झालेले यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही, असा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला.

मात्र हाडाच्या डोक्याच्या ठिकऱ्या उडाल्या व त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर सांधेबदलाचा विचार करावा लागतो. फ्रान्सचे पॉल ग्रामाँ यांनी १९८५ च्या सुमारास 'उलटा' सांधा पुढे आणला. त्यात गोळा खांद्याच्या फऱ्यावर आणि वाटी दंडाच्या हाडावर बसते. आतले स्नायू निकामी झाले तरी खांद्यावरचा मोठा स्नायू हात उचलतो. निवडक वृद्धांना तो उपकारक ठरतो. पण जंतुसंसर्गाचा आणि सांधा निखळण्याचा धोका राहतोच.

मग निर्णयाची कसोटी कोणती? हैदराबादच्या विद्यानगरात दुर्गाबाई देशमुखांच्या नावाचे रुग्णालय आहे. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या, कोकणचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख यांच्या या सहधर्मचारिणीने १९३७ साली मद्रासेत आंध्र महिला सभा स्थापन केली, ती स्त्रीने स्वावलंबी व्हावे म्हणून. तीच कसोटी येथेही लावावी. आजीला वेणी घालता येईल काय, स्वतःच्या हाताने जेवता येईल काय, हे क्ष-किरणचित्राहून महत्त्वाचे आहे.

म्हणून शस्त्रक्रियेविना काय साधेल आणि शस्त्रक्रियेने अधिक काय मिळेल, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावे, आणि ते आजीच्या देखत विचारावे. कोणताही मार्ग पत्करला तरी पुढचे कित्येक महिने व्यायाम चुकत नाही. तो शिकवणारा माणूस तालुक्याच्या गावी मिळाला पाहिजे. ही जबाबदारी सरकारने टाळू नये. महागडा सांधा बसवून म्हातारीला कोपऱ्यात बसवणे हा उपचार नव्हे.