लिनक्सचे गेज बदलताना

नव्वदच्या दशकापर्यंत औरंगाबादकडून मनमाडला उतरलेल्या प्रवाशाला मुंबईसाठी सामान उचलून गाडी बदलावी लागे. निजामाच्या राज्यातून १९०० च्या सुमारास आलेली लाइन मीटरगेज, तर मुंबई-भुसावळ लाइन ब्रॉडगेज. पुढे गेज बदलले, तेव्हा नुसते रूळ सरकवून भागले नाही. डबे आणि इंजिनेही दुसरी लागली. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या मुक्त संगणक प्रणालीची १३ वी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली, तिच्या पोटात असाच एक बदल आहे.

लिनक्स काळ मोजतो तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत ठेवला, तर तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो. म्हणजे १९ जानेवारी २०३८ रोजी आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले, की पुढच्याच सेकंदाला तारीख डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. ६४ बिटच्या संगणकांना ही अडचण नव्हतीच. बाकीच्यांसाठी डेबियनने काळाचा आकडा ६४ बिटांचा केला. पण एक लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्राम वाटून वापरतात तो कोड, बदलली की तिच्यावर विसंबणारे प्रत्येक पॅकेज (प्रोग्रामचा गठ्ठा) पुन्हा बांधावे लागते. त्यामुळे शेकडो लायब्ररींच्या नावाला ‘टी६४’ हे शेपूट लागले आणि ते ६४ बिटच्या यंत्रांवरही दिसते. ३२ बिटचे जुने इंटेल पीसी मात्र या बदलातून वगळले आहेत. त्यांनी १३ वर येऊच नये, असे प्रकल्प स्पष्ट सांगतो. शाळेच्या कोपऱ्यातला जुना संगणक कोणत्या जातीचा आहे, हे म्हणूनच सगळ्यात आधी पाहावे.

डेबियन १३ मध्ये ६९,८३० पॅकेजे आहेत आणि जुनी ८,८४० हून अधिक काढून टाकली आहेत. यांतली कोणती एकत्र नांदू शकतील, हे ठरवणे गणिताच्या भाषेत ‘एनपी-कम्प्लीट’, म्हणजे तत्त्वतः फार अवघड जातीचे कोडे आहे. व्यवहारात डेबियनचा पॅकेज-व्यवस्थापक ‘ॲप्ट’ ते काही सेकंदांत सोडवतो, पण पाया स्वच्छ असेल तरच. वीज गेल्याने अर्धवट राहिलेले किंवा कुणीतरी पूर्वी ‘होल्ड’ करून, म्हणजे आहे त्याच आवृत्तीवर रोखून, ठेवलेले पॅकेज त्या कोड्यात नवी अट घालते. माझ्या मते अपग्रेड बिघडल्याचा दोष लोक नव्या आवृत्तीला उगाच देतात. खोट बहुधा जुन्यातच असते.

ती शोधणे कठीण नाही. पॅकेजे प्रत्यक्ष बसवणाऱ्या ‘डीपीकेजी’ला ऑडिट करायला सांगा. काहीच न बोलता तो परत आला, तर अर्धवट काही उरलेले नाही. ‘ॲप्ट-मार्क’ला होल्डवरची यादी मागा. मग डेबियन जिथून पॅकेजे घेते, त्या भांडारांपैकी आता कोणत्याच भांडारात नसलेली पॅकेजे पाहा. खरी गंमत इथेच असते. पुण्यातल्या रेड हॅटच्या अभियंत्यांनी सांभाळलेला ‘लोहित’ फॉन्ट भांडारात आहे, त्यामुळे तो प्रणालीबरोबर आपोआप पुढे येतो. दुकानदाराने पेनड्राइव्हवरून टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर तसा येत नाही. त्याला नव्या आवृत्तीत जागा आहे का, हे कुणी तपासलेलेच नसते. शेवटी ॲप्टकडून नुसती रंगीत तालीम करून घ्या. काय येणार आणि काय उडवले जाणार, याची यादी तो देतो. उडणाऱ्यांची यादी नीट वाचा. फायली दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ‘बूट’ विभाग वेगळा असेल, तर तो किमान ७६८ एमबीचा हवा आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे हवेत.

अजून ११ व्या आवृत्तीवर असाल, तर १२ ओलांडून थेट १३ वर उडी मारता येत नाही. आधी १२ करा. आणि १२ वर सगळे सुरळीत चालत असेल, तर घाई करू नका. तिला दीर्घकालीन आधार ३० जून २०२८ पर्यंत आहे.