वाढीला वळण लावणारी दोरी

पाठीच्या कण्याची एक शस्त्रक्रिया अशी आहे की ऑपरेशन थिएटरमध्ये ती अर्धीच होते. उरलेली अर्धी पुढची दोन-तीन वर्षं चालू राहते, मूल शाळेत बसलेलं असताना, मैदानावर पळत असताना, रात्री झोपलेलं असताना. आणि ती पूर्ण करते मुलाची स्वतःची वाढ.

स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वाकतो. एक्स-रेवर हा बाक दहा अंशांपेक्षा जास्त भरला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. पण कणा नुसता वाकत नाही, तो स्वतःभोवती पिळतोही. म्हणूनच मूल पुढे वाकलं की एका बाजूच्या बरगड्या उंच दिसतात. वयात येताना, उंची भराभर वाढत असताना हा बाक सर्वात वेगानं वाढतो, आणि मोठे बाक मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात. बाक मध्यम असेल आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, म्हणजे धडाभोवती बांधायचा आधार, देतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. तरीही काही मुलांचा बाक वाढतच जातो.

का वाढतो, याच्या मुळाशी जे यंत्रशास्त्र आहे ते मला विलक्षण वाटतं. प्रत्येक मणक्याच्या वरच्या आणि खालच्या अंगाला कूर्चेची एक पातळ वाढपट्टी असते. तिथल्या पेशी आधी संख्येनं वाढतात, मग फुगतात, आणि शेवटी त्यांच्या जागी हाड तयार होतं. या पट्टीला दाब जाणवतो. कार्ल ह्यूटर आणि रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदांनी १८६०च्या दशकातच हे मांडलं होतं: वाढत्या हाडावर सतत जास्त दाब पडला तर तिथली वाढ मंदावते, दाब कमी झाला तर ती वेग घेते. आता वाकलेला कणा डोळ्यांसमोर आणा. बाकाच्या आतल्या बाजूला मणके एकमेकांवर दाबले जातात, बाहेरच्या बाजूला मोकळे राहतात. आतली बाजू कमी वाढते, बाहेरची जास्त. होता होता मणक्याचा आकारच कमानीत बसवलेल्या दगडासारखा एका बाजूला निमुळता होतो. मणका निमुळता झाला की बाक वाढतो, बाक वाढला की दाबातला फरकही वाढतो. वाढीनंच वाढीला वाकडं करण्याचं हे चक्र.

पण हे चक्र उलटंही फिरू शकतं. व्हरमाँट विद्यापीठात इयन स्टोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात उंदरांच्या शेपटीला बाहेरून चौकट बसवून एका बाजूनं जास्त दाब दिला. शेपटीचे मणके निमुळते झाले. मग त्यांनी दाबाची बाजू बदलली, आणि मणके पुन्हा सरळ होऊ लागले. हाडाला कुठे कापलं नव्हतं की तासलं नव्हतं. बदलली होती ती फक्त बलाची दिशा.

हीच गोष्ट मुलांच्या पाठीत घडवता येईल का, हा विचार जुनाच आहे. १९५१मध्ये नॅकलास आणि बॉर्डन या संशोधकांनी कुत्र्यांच्या मणक्यांवर धातूचे स्टेपल ठोकून बाक सुधारता येतो हे दाखवलं होतं. मुलांमध्ये मात्र त्या काळच्या स्टेपलनी साथ दिली नाही. दरम्यान खात्रीचा मार्ग ठरला तो फ्यूजनचा. वाकलेले मणके धातूच्या सळ्यांनी सरळ करायचे, हाडाचे तुकडे घालून एकमेकांशी कायमचे जुळवून टाकायचे. फ्यूजननं असंख्य मुलांना ताठ उभं केलं आहे आणि आजही मोठ्या बाकांसाठी तोच भरवशाचा उपाय आहे. त्याची किंमतही उघड आहे: जुळवलेला भाग पुन्हा वाकत नाही आणि वाढतही नाही. चौदा-पंधराव्या वर्षी हे चालून जातं. दहाव्या-अकराव्या वर्षी ते जड जातं.

दोरीची शस्त्रक्रिया, म्हणजे व्हर्टिब्रल बॉडी टेदरिंग, इथे येते. मुलाला कुशीवर झोपवतात, बाकाची बाहेरची बाजू वर ठेवून. त्या बाजूच्या फुप्फुसातली हवा तात्पुरती काढून घेतात आणि बरगड्यांमधल्या छोट्या छिद्रांतून कॅमेरा व हत्यारं आत नेतात. एकेका मणक्यात आडवा स्क्रू बसतो आणि सगळ्या स्क्रूंच्या डोक्यांतून एक दोरी ओवली जाते. ही दोरी पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेटची, पाण्याच्या बाटल्या आणि पॉलिएस्टरचं कापड ज्यापासून बनतं त्याच पदार्थाची. मग एकेक टप्पा ताणून स्क्रू आवळत जातात. बाक तिथेच काहीसा कमी होतो, पण मुद्दाम पूर्ण सरळ करत नाहीत.

कारण पुढचं काम वाढीसाठी राखून ठेवलेलं असतं. जी बाजू फार वाढत होती तिच्यावर आता दोरीचा दाब आहे. जी दबलेली होती ती मोकळी झाली आहे. सळीच्या जागी दोरी असण्याला अर्थ आहे. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे कणा दोरीच्या बाजूला झुकला तर ती सैल पडते आणि हालचाल काही प्रमाणात शिल्लक राहते. मणक्यांमधल्या गाद्याही जुळवून बंद केल्या जात नाहीत.

२०१०मध्ये क्रॉफर्ड आणि लेंके या शल्यविशारदांनी अशा एका आठ वर्षांच्या मुलाची नोंद प्रसिद्ध केली. त्याचा ४० अंशांचा बाक शस्त्रक्रियेनंतर २५वर आला आणि चार वर्षांत वाढता वाढता ६वर. त्या एका शस्त्रक्रियेनंतर कुणीही त्याच्या कण्याला हात न लावता! २०१४मध्ये समदानी आणि सहकाऱ्यांनी अकरा मुलांचे आकडे दिले: सरासरी ४४ अंशांवरून आधी २० आणि दोन वर्षांत साडेतेरा. ऑगस्ट २०१९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं या दोरीच्या उपकरणाला मर्यादित वापराची खास परवानगी दिली, तीही हाडांची वाढ शिल्लक असलेल्या मुलांसाठी, ३० ते ६५ अंशांच्या बाकासाठी.

अवघड आहे तो अंदाज. हे मूल अजून किती वाढेल? हाताच्या बोटांच्या आणि कमरेच्या हाडाच्या एक्स-रेवरून वाढीचा टप्पा ठरवतात, पण वाढ काही तारखा सांगून येत नाही. वाढ अपेक्षेपेक्षा जास्त झाली तर कणा सरळ रेषा ओलांडून उलट्या बाजूला वाकू लागतो, मग दोरी सैल करायला किंवा काढायला पुन्हा आत जावं लागतं. वाढ आधीच संपत आलेली असेल तर सुधारणा जेमतेम होते. पिळावरही दोरीचा जोर तितकासा चालत नाही. म्हणून ज्या मुलासाठी ही शस्त्रक्रिया योग्य आहे त्याची निवड करणं हेच मला यातलं सर्वात मोठं कौशल्य वाटतं.

आणि दोरी तुटते. काही वर्षांत बऱ्याच मुलांमध्ये तुटते. एक्स-रेवर ती दिसतच नाही, दिसतात फक्त स्क्रू. म्हणून डॉक्टर शेजारच्या दोन स्क्रूंमधला कोन मोजतात; तो आधीच्या एक्स-रेपेक्षा पाच अंशांहून जास्त उघडला असेल तर तिथली दोरी तुटली असं धरतात. काही मुलांचा बाक त्यानंतर परत वाढतो आणि फ्यूजनही करावं लागतं. पण दोरी उशिरा तुटली, तर अनेकांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, कारण तोवर मणके नव्या आकारात वाढून झालेले असतात.