भूगर्भांतील वारसा

वडिलोपार्जित मिळकत म्हटली म्हणजे डोळ्यांपुढें उभें राहतें तें घर, शेत, दागदागिने, फार तर एखाद्या पेढीवरची ठेव. यांतील प्रत्येक वस्तु पाहतां येते, मोजतां येते आणि भावंडांत वांटतां येते. परंतु जिला रूप नाहीं, जिच्या सीमा दिसत नाहींत आणि जिची किंमत कालांतरानें आपोआप बदलत जाते, अशीहि एक मिळकत आहे. जमिनीच्या पोटांतील खनिजांचा हक्क ही ती मिळकत होय. अशा हक्काचें मूल्य कशांत असतें आणि तें वारसाच्या आधीं दुसऱ्यानेंच ओळखलें तर काय घडतें, हें अमेरिकेंतील ओसेज नांवाच्या आदिवासी जमातीच्या इतिहासावरून चांगलें समजतें.

अमेरिकेच्या कायद्याप्रमाणें एकाच जमिनीला दोन धनी असूं शकतात. वरचें शेत एकाचें आणि खालचें तेल किंवा कोळसा दुसऱ्याचा. शेत विकतांना खनिजांचा हक्क राखून ठेवला, तर तो हक्क स्वतंत्र मिळकत बनतो व पुढच्या पिढ्यांकडे वारसानें जातो. ज्यांनीं तें शेत कधीं पाहिलेंहि नाहीं, अशा नातवंडांकडे त्याचें उत्पन्न येत राहतें.

ओसेज लोकांनीं कान्सासमधील आपला मुलूख सोडून १८७० नंतरच्या वर्षांत सुमारे १५ लाख एकर जमीन विकत घेतली. हल्लींच्या ओक्लाहोमा संस्थानांतील ही जमीन खडकाळ व नापीक. गोऱ्या वसाहतवाल्यांना तिचा लोभ पडणार नाहीं, हाच तिचा गुण समजला गेला. पुढें त्याच खडकाखालीं तेल निघालें. १८९६ सालीं जमातीनें पहिला पट्टा दिला आणि १८९७ सालीं पहिल्या विहिरीला तेल लागलें. १९०६ सालीं सरकारनें जमातीच्या जमिनीची वांटणी करावयाचें ठरविलें, तेव्हां जेम्स बिगहार्ट आदि पुढाऱ्यांनीं एक अट घातली: पृष्ठभागाची वांटणी व्हावी, भूगर्भाची होऊं नये. त्याप्रमाणें नोंदलेल्या २,२२९ व्यक्तींपैकीं प्रत्येकीच्या वांट्यास सुमारे ६५७ एकर जमीन आली; खनिजें मात्र साऱ्या जमातीच्या समाईक मालकीचीं राहिलीं. समाईक उत्पन्नाच्या २,२२९ भागांपैकीं एका भागाला ‘हेडराइट’ हें नांव पडलें. आपल्याकडील अविभक्त कुटुंबांत सामाईक आमराई न वांटतां तिच्या उत्पन्नाचे वांटे घालतात, त्यांतलाच हा प्रकार.

या दूरदृष्टीचें फळ लवकरच दिसलें. भूगर्भाची वांटणी झाली असती, तर ज्याच्या जमिनीखालीं तेल तो श्रीमंत आणि त्याचा शेजारी कंगाल, असें झालें असतें. समाईक मालकीमुळें कोठेंहि विहीर लागली तरी वांटा सर्वांना मिळाला. पॉहस्का गांवीं एका एल्म वृक्षाखालीं पट्ट्यांचे लिलाव होत. १६० एकरांच्या एकेका तुकड्यासाठीं १० लाख डॉलरांहून अधिक बोली लागल्याचे प्रसंग आले. १९२३ या एका सालीं जमातीकडे ३ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आली.

अशा उत्पन्नाचे मुख्यतः दोन भाग असतात. पट्टा देतांना एकदांच मिळणारा तो नजराणा, आणि निघालेल्या मालाच्या किंमतीवर वेळोवेळीं मिळणारा मालकाचा वांटा ती रॉयल्टी. अमेरिकेंत पूर्वी अष्टमांश रॉयल्टी रूढ होती. म्हणजे ८०० डॉलरांचें तेल निघालें, तर खोदण्याचा खर्च न सोसतां मालकाला १०० डॉलर मिळावयाचे. रॉयल्टीचा दर, निघणाऱ्या मालाचें प्रमाण आणि बाजारभाव या तिहींपैकीं शेवटच्या दोहोंवर वारसाची सत्ता चालत नाहीं. दर मात्र कागदावर लिहिलेला असतो. म्हणून वडिलांचा पट्टा शोधून वाचणें, हें वारसाचें पहिलें काम.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. घराचें भाडें वर्षानुवर्षें येत राहतें. तेलाची विहीर मात्र दिवसेंदिवस आटत जाते. समजा, एका वर्षीं १,००० डॉलर आले आणि पुढें दरसाल उत्पन्नाचा दशांश घटत गेला. मग दुसऱ्या वर्षीं ९००, तिसऱ्या वर्षीं ८१०, अशी उतरण लागते, आणि विहीर पूर्ण आटेपर्यंतची सारी बेरीज १०,००० डॉलरांपलीकडे जात नाहीं. त्यांतहि दहा वर्षांनीं हातीं येणाऱ्या डॉलराची आजची किंमत एका डॉलराहून कमी. तेव्हां पहिल्या वर्षाच्या आंकड्याला विसांनीं गुणून स्वतःला धनाढ्य समजणारा वारस फसतो. उलट, जेथें अजून विहीरच खणलेली नाहीं, तेथील हक्क शून्य समजून विकणाराहि फसतो. शेजारीं तेल लागलें कीं त्याच कागदाला भाव येतो, आणि ही वार्ता वारसापेक्षां गिऱ्हाइकाला आधीं कळते.

तिसरी गोष्ट वांटणीची. एका हिश्शाचे तीन मुलांत तीन भाग झाले व तसेंच पुढें चाललें, तर पणतवंडाच्या हातीं सत्ताविसावा भाग येतो. मृत्यूंमुळें वारसा जसा विखुरतो, तसा तो एकवटतोहि. ओसेज लोकांवर आलेला अनर्थ या दुसऱ्या वाटेनें आला.

सामान्यतः हेडराइट विकतां येत नसे. तें वारसानें मिळे. १९२१ च्या कायद्यानें अनेक ओसेज लोकांच्या पैशांवर पालक नेमण्यांत आले. धनी असूनहि त्यांना ठराविक रकमेपलीकडे स्वतःचा पैसा खर्चतां येईना. हे पालक बहुधा गांवांतील गोरे वकील व व्यापारी. त्यांतील कित्येकांनीं आपल्या पाल्यांना उघड लुबाडलें. इतर कांहीं जणांनीं वारसाची वाटच जवळ केली. मॉली बर्कहार्ट या ओसेज स्त्रीची बहीण ॲना ब्राउन १९२१ च्या मे महिन्यांत गोळीनें ठार झाली. दोन महिन्यांनीं आई वारली. विषप्रयोगाचा संशय होता. १९२३ सालीं दुसरी बहीण रीटा व तिचा पति यांचें घर स्फोटानें उडविण्यांत आलें. या मृत्यूंमुळें बरेच वांटे मॉलीकडे सरकत होते. तिचा पति अर्नेस्ट हा गोरा, आणि त्याचा मामा विल्यम हेल हा त्या भागांतील बडा गुरेवाला. अर्नेस्टनें १९२६ सालीं गुन्हा कबूल केला. हेलला दुसऱ्या एका ओसेज गृहस्थाच्या खुनाबद्दल १९२९ सालीं जन्मठेप झाली. त्या काळांतील विसांहून अधिक ओसेज मृत्यु संशयास्पद मानले गेले, आणि त्यांतील पुष्कळांचा छडा कधींच लागला नाहीं.

१९२५ सालीं कायदा दुरुस्त झाला. ज्यांच्यांत निम्में किंवा अधिक ओसेज रक्त, त्यांचा वारसा परक्यांस मिळूं नये असें ठरलें. तोपर्यंत बरेच हिस्से जमातीबाहेर गेले होते. मूळ हक्क मात्र टिकला. सरकारनें विश्वस्त या नात्यानें हिशेब व पैसा नीट राखला नाहीं, या दाव्यांत २०११ सालीं ३८ कोटी डॉलरांची तडजोड झाली. पुढें एका पवनचक्की प्रकल्पानें पायासाठीं खडक फोडून वापरला, तेव्हां तेंहि खाणकामच असून त्यास जमातीची परवानगी हवी, असा निर्णय २०१७ सालीं अपील न्यायालयानें दिला. १९०६ सालीं लिहिलेल्या अटीनें १११ वर्षांनंतरहि धन्याचें काम केलें.

आपल्याकडील स्थिति निराळी आहे. महाराष्ट्रांत १९६६ च्या जमीन महसूल संहितेनें खनिजांवरील हक्क राज्य सरकारकडे राखलेले आहेत. गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत मिळालेल्या आणि वारसानें चालत आलेल्या खाण-सवलतींचें १९८७ च्या कायद्यानें पट्ट्यांत रूपांतर केलें. याउलट, मलबारांतील जन्मी जमिनींच्या एका खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं भूगर्भाचा हक्क जमीनमालकाचा मानला. म्हणजे येथेंहि प्रश्न अखेर कागदाचाच आहे: हक्क कोणाच्या नांवें, कोणत्या कायद्याखालीं व कोणत्या शब्दांत लिहिला आहे?

ओसेज पुढाऱ्यांनीं भूगर्भ एकत्र राखला, म्हणून त्यांच्या नातवंडांना तो मिळाला. तथापि त्या धनाच्या हिशेबावर आणि वारसाच्या वाटेवर परक्यांची सत्ता राहिली, म्हणून मधल्या पिढीला तोच वारसा घातक झाला. खनिजांच्या वारशाचें मूल्य मोजतांना निघणाऱ्या तेलाचा भाव सर्वांनाच दिसतो. त्या वारशावर पहारा कोणाचा आहे, हें मात्र वारसानें स्वतःच पाहावें लागतें.