शिक्का यंत्राला, दुखणे माणसाला

पुण्याच्या पेठेतील एका पतसंस्थेत काम करणाऱ्या तिशीतल्या बाई काही महिन्यांपूर्वी तपासायला आल्या. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे रात्री बधिर होतात, मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की जरा बरे वाटते, अशी तक्रार होती. संध्याकाळी मान आखडणे आणि डोळे चुरचुरणे वेगळेच. कामाची चौकशी केली तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, कॉम्प्युटर तर नवा आहे. त्यावर परदेशी प्रमाणपत्राचा शिक्कासुद्धा आहे!"

टेबल-खुर्चीचे विचारल्यावर उलगडा झाला. खुर्ची लोखंडी, घडीची. टेबल खातेवह्या लिहिण्याच्या काळातले, उंच. माऊस हात लांबवावा लागेल इतका पलीकडे. दिवसभर मनगट टेबलाच्या कडेवर टेकलेले. मनगटातील अरुंद बोगद्यातून बोटांकडे जाणारी एक मज्जातंतू असते. मनगट सतत वाकलेले किंवा दाबलेले राहिले की तिच्यावर ताण येतो. मधुमेह, थायरॉइडचे विकार आणि गरोदरपण यांतही हा त्रास होऊ शकतो, म्हणून तपासणी आवश्यक असते.

शिक्का काय सांगतो?

अशा शिक्क्यांचा इतिहास मोठा बोलका आहे. कॉम्प्युटर कचेऱ्यांत शिरले तेव्हा काचेच्या जाड पडद्यांतून निघणाऱ्या विद्युत व चुंबकीय क्षेत्रांची कर्मचाऱ्यांना धास्ती वाटू लागली. स्वीडनमध्ये १९९० साली त्याबाबत कडक मर्यादा आखण्यात आल्या. पुढे तिथल्या पगारदार कर्मचाऱ्यांच्या 'टीसीओ' या संघटनेने १९९२ मध्ये मॉनिटरसाठी स्वतःचे प्रमाणपत्र काढले. म्हणजे हा शिक्का कारखानदारांनी नव्हे, तर पडद्यासमोर बसणाऱ्यांनी मागून घेतलेला आहे! १९९५ च्या आवृत्तीत कीबोर्ड आणि मुख्य यंत्रही आले, घातक द्रव्यांच्या अटी आल्या. त्याच सुमारास, १९९२ मध्ये, अमेरिकेत वीजबचतीचा 'एनर्जी स्टार' शिक्का सुरू झाला. जर्मनीचा 'निळा देवदूत' तर १९७८ पासूनचा आहे. प्रिंटरमधून हवेत किती सूक्ष्म कण व वायू जातात, हेही तो पाहतो.

आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे. २०१२ च्या आदेशानुसार लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर अशा वस्तूंची सुरक्षा चाचणी आवश्यक झाली. पुढे लॅपटॉपचे अ‍ॅडॉप्टरही त्यात आले. शॉक, आग आणि अति तापणे यांपासून संरक्षण हा तिचा मुख्य हेतू. म्हणून तापकीर गल्लीत स्वस्त अ‍ॅडॉप्टर घेताना त्यावर भारतीय मानकाचा क्रमांक आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. 'बीआयएस केअर' या मोबाइल अ‍ॅपवर तो क्रमांक खरा की खोटा, हे पडताळता येते.

शिक्का काय सांगत नाही?

प्रत्येक शिक्का ठरावीक प्रश्नांचेच उत्तर देतो. वीजबचतीचा शिक्का बिलाविषयी बोलतो, सुरक्षेचा शिक्का शॉकविषयी. चांगला मॉनिटर पुढे-मागे कलतो, त्याची अक्षरे स्पष्ट दिसतात, याची ग्वाही मिळू शकते. पण तो कोणत्या टेबलावर ठेवला आणि त्याच्यापुढे कोण, किती तास बसले, हे कोणताही शिक्का पाहत नाही. कामाच्या खुर्चीसाठीही भारतीय मानक आहे, आयएस १७६३१. तिची मजबुती त्यात तपासली जाते. पण ती आपल्या उंचीला लावून घेणे आपल्याच हाती असते.

बैठक कशी असावी?

१) पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. अंतर साधारण हातभर, ५० ते ७० सेंटिमीटर.

२) कोपर काटकोनाच्या आसपास असावे, मनगट सरळ. माऊस कीबोर्डला लागूनच ठेवावा.

३) टेबल उंच असेल तर खुर्ची उंच करावी आणि लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट ठेवावा. कमरेच्या बाकाशी छोटी उशी असावी.

४) लॅपटॉपवर तासन्‌तास काम असेल तर तो उंचावर ठेवून वेगळा कीबोर्ड जोडावा.

५) पडदा खिडकीला आडवा असावा, समोर किंवा पाठमोरा नको. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी मिटतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात.

६) लेझर प्रिंटर कोंदट खोलीत, तोंडाजवळ ठेवू नये. सांडलेला टोनर फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावा.

यंत्र जुने झाले की भंगारात विकू नये. तारा जाळून तांबे काढणाऱ्यांच्या श्वासात तो विषारी धूर जातो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ई-कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. असा कचरा नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्यावा. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्थाही तो गोळा करते.

पतसंस्थेतल्या बाईंच्या टेबलाची उंची बदलता आली नाही. खुर्ची मात्र बदलली, पायांखाली पाट आला, माऊस जवळ आला, रात्री मनगटाला पट्टी बांधली. महिन्याभरात झोप लागू लागली. बोटांचा बधिरपणा मात्र अजून पूर्ण गेलेला नाही, कारण त्या सहा महिने अंगावर काढून आल्या होत्या. मुंग्या आठवड्याहून अधिक टिकल्या, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याचा जोर कमी झाला, तर थांबू नये. यंत्र घेताना शिक्का जरूर पाहावा. पण उद्या कचेरीत गेल्यावर आधी आपली खुर्ची पाहावी.