ओळखीचे वाटणे आणि आठवणे : अभ्यासाच्या निर्णयातील एक गल्लत

परीक्षा संपली की दरवर्षी एक तक्रार कानावर येते. ‘मॅडम, सगळे वाचले होते, पण पेपर हातात आला आणि काही आठवलेच नाही.’ आपण शिक्षक यावर आळस किंवा परीक्षेची भीती अशी कारणे सांगून मोकळे होतो. यांतील बरीच मुले मात्र खरोखर वाचून आलेली असतात. त्यांची चूक वाचनापेक्षा एका निर्णयात असते. ‘हा धडा झाला, आता पुढचा घेऊ’ हा तो निर्णय, आणि तो आठवणीऐवजी ओळखीच्या आधारावर घेतला जातो.

मानसशास्त्राच्या पुस्तकांत यांसाठी प्रत्यभिज्ञा आणि प्रत्यावाहन अशा जड संज्ञा आहेत. उर्दूत शनाख़्त आणि याद म्हणता येईल. लग्नात समोर आलेला चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठावर येत नाही. तेथे ओळख पटलेली असते, आठवण झालेली नसते.

ओळखीवर विसंबून घेतलेला निर्णय नेहमी चुकतो असे मात्र नाही. डॅनियल गोल्डस्टाइन आणि गर्ड गिगरेन्झर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात एक सोपा प्रश्न होता : अमेरिकेतील सॅन दिएगो व सॅन अँटोनिओ या शहरांपैकी लोकवस्ती कोठे जास्त? शिकागोच्या विद्यार्थ्यांपैकी ६२ टक्क्यांचे उत्तर बरोबर आले. जर्मन विद्यार्थी मात्र सर्वच्या सर्व बरोबर निघाले. त्यांना अमेरिकेची माहिती अधिक होती असे नव्हे. सॅन दिएगो हे नाव त्यांच्या कानावरून गेले होते, दुसरे अनेकांनी ऐकलेही नव्हते. मोठ्या शहराचे नाव अधिक वेळा कानी पडते, म्हणून ऐकलेले नाव ते मोठे शहर, हा अंदाज तेथे खरा ठरला. दोघांनी यास ओळखीचा ठोकताळा मानले. कमी माहिती असणाऱ्याला तो कधी कधी अधिक माहिती असणाऱ्याच्या पुढे नेतो.

पण नाव कानी पडण्याचे कारण आणि विचारलेली गोष्ट यांचा संबंध असेल, तेवढ्यापुरताच हा ठोकताळा चालतो. गोव्याबाहेरच्या विद्यार्थ्यांना पणजी आणि मडगाव यांत मोठे कोणते असे विचारून पाहावे. बहुतेक पणजीच म्हणतील. पणजी राजधानी म्हणून माहीत असते, वस्तीमुळे नव्हे. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास होती, मडगावची त्याच्या दुपटीहून अधिक. खुद्द सॅन दिएगोचेही तसेच झाले. २०१० च्या जनगणनेत सॅन अँटोनिओने त्यास मागे टाकले, म्हणजे जर्मन विद्यार्थ्यांचे तेच उत्तर आज चुकीचे ठरेल.

ओळखीचा दुसरा दोष असा की ती आपला उगम सांगत नाही. लॅरी जेकोबी व सहकाऱ्यांनी १९८९ साली काही जणांना अप्रसिद्ध माणसांची नावे वाचायला दिली. लगेच विचारले तेव्हा ही नावे यादीतली आहेत, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात होते. एक दिवस उलटल्यावर त्यांतलीच काही नावे त्यांना प्रसिद्ध वाटू लागली. नाव ओळखीचे उरले, ते कोठे वाचले हे गेले.

आता पुन्हा आपल्या वर्गाकडे येऊ. धडा तिसऱ्यांदा वाचणाऱ्या मुलाला प्रत्येक ओळ ओळखीची वाटते आणि त्यावरून तो ठरवतो, ‘आले मला.’ उगम येथेही लपलेलाच असतो : ओळ सोपी वाटते ती पुस्तक समोर उघडे आहे म्हणून. रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ चा प्रयोग याच निर्णयावर बोट ठेवतो. एका गटाने एक उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदा अभ्यासून, नंतर तीनदा मजकूर न पाहता आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पहिला गट ८३ टक्के, दुसरा ७१ टक्के. आठवड्यानंतर पहिला ४० वर आला, दुसरा ६१ वर राहिला. आणि आपल्याला हे पुढेही लक्षात राहील, असा भरवसा पहिल्याच गटाला अधिक होता!

उर्दूच्या तासाला हा फरक फार स्पष्ट दिसतो. ‘ज़’ या एकाच उच्चारासाठी ज़ाल, ज़े, ज़ाद, ज़ोय अशी चार अक्षरे. छापलेला शब्द मुले अडखळत नाहीत, झरझर वाचतात. तोच शब्द इमला म्हणून सांगितला की पेन थांबते : चारांपैकी कोणते? मराठीच्या शुद्धलेखनात ऱ्हस्व-दीर्घाचे हेच होते. पाढे म्हणवून घेण्याची जुनी रीत आपण घोकंपट्टी म्हणून बाजूला सारली. त्या रीतीत न पाहता आठवावे लागत असे, एवढे तरी तिच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

बहुपर्यायी प्रश्नांविषयीही सावध असावे. तेथे उत्तर समोर असते आणि ओळखीवर बरेच भागते. वर्गात ‘समजले का?’ विचारल्यावर हलणाऱ्या मानाही त्याच जातीच्या.

गेली काही वर्षे मी तासाची शेवटची सात-आठ मिनिटे पुस्तके मिटवून कोरा कागद देते. गुण नाहीत, नाव लिहिण्याचीही सक्ती नाही. आज काय झाले ते आठवून लिहायचे, मग पुस्तक उघडून राहिलेले पाहायचे. सुरुवातीला मुले नाखूश असतात. नुकताच ऐकलेला धडा, आणि कागदावर तीन ओळी! घरी कोणता भाग पुन्हा घ्यायचा, हे मात्र त्या तीन ओळींखालची मोकळी जागा पाहून ठरवायला ती हळूहळू शिकतात.