रात्रीच्या परटिणी

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकात घुसलेल्या ब्रिटनीत रात्री ओढ्याकाठून धुणं बडवल्याचा आवाज आला, की जुन्या काळची माणसं पाय उचलायची. त्या रात्रीच्या परटिणी! कफनं धूत बसणाऱ्या मेलेल्या बायका. त्या वाटसरूला थांबवतात, ओल्या कफनाचं एक टोक त्याच्या हाती देतात आणि म्हणतात, जरा पिळू लाग. आता काय करायचं?

जीव वाचवायचा उपाय ऐकाल तर थक्क व्हाल. परटीण ज्या दिशेने फिरवते, त्याच दिशेने आपणही फिरवत राहायचं. करून बघा: दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरली तर कापडाला पीळ बसतच नाही, ते नुसतं गोल फिरतं! उलटं फिरवलंत, की कफनाबरोबर तुमचे हातही पिळवटून निघाले. रोज धुणं पिळणाऱ्या मनगटांना ठाऊक असलेली गोष्टच इथे जीवन-मरणाचा प्रश्न झाली आहे.

ब्रिटनीतल्याच कँपेरला शिकवणाऱ्या अनातोल ल ब्राझ यांनी गावोगावच्या माणसांकडून अशा कथा ऐकून १८९३मध्ये त्यांचं पुस्तक काढलं. त्यातली एक मला फार आवडते. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतावर राबणारी एक बाई शनिवारी रात्री घरचे कपडे धुवायला जाते. तिथे एक अनोळखी बाई मदतीला येते आणि उरलेलं काम करायला घरीही यायचं ठरवते. नवरा ऐकतो आणि हादरतो. तो घाईघाईने चुलीवरची तिवई खिळ्याला टांगायला लावतो, केरसुणी उलटी ठेवायला लावतो, पाय धुतलेलं पाणी उंबऱ्यावर ओतायला लावतो. दार बंद. परटीण येते आणि कुणाला हाक मारते? तिवईला! दार उघड म्हणते. तिवई म्हणते, मी टांगलेली आहे. केरसुणी म्हणते, माझं डोकं खाली आहे. पाणी म्हणतं, मी तर उंबऱ्यावर सांडलेलं आहे. म्हणजे आवराआवर राहिली असती, तर घरातल्या वस्तूच फितूर झाल्या असत्या!

ब्रिटनीत बाकी गूढही कमी नाही. कार्नाकजवळ ओळीने उभे असलेले सुमारे तीन हजार पाषाण इसवी सनापूर्वी काही हजार वर्षं रोवले गेले. अशा पाषाणांभोवती कोरिगन नावाचे ठेंगू नाचतात आणि वाटसरूला रिंगणात ओढतात, असं सांगत.

पण सगळ्यांत विलक्षण अंकू, म्हणजे मृत्यूचा गाडीवान. त्याच्या विळ्याचं पातं बाहेरच्या बाजूला वळलेलं असतं आणि गाडीचा आस करकरतो. हा कुठला सैतान नव्हे. गावात वर्षाच्या अखेरीस जो शेवटचा मरेल, तोच पुढच्या वर्षाचा अंकू! गावागावाचा अंकू वेगळा, म्हणजे तो तुमचा शेजारीही असू शकतो. एखाद्या वर्षी माणसं जास्त गेली, तर लोक म्हणायचे, यंदाचा अंकू फार वाईट निघाला.

मला वाटतं, भीतीला इतकी शिस्त लावणारे लोक थोडेच असतील. ब्रिटनीला गेलात तर प्लुमिलियोच्या चर्चमधला अंकूचा लाकडी पुतळा जरूर बघा.