गळमासेमारी : छंद, व्यवसाय व नियमन

क्रीडा किंवा मनोरंजन म्हणून काठी, दोरा व गळ यांच्या साहाय्याने एकेक मासा पकडण्याच्या प्रकारास छंदार्थ गळमासेमारी म्हणतात. उपजीविकेसाठी केल्या जाणाऱ्या मासेमारीहून ती दोन बाबतींत वेगळी आहे : माशाची विक्री हा तीत हेतू नसतो आणि पुष्कळ ठिकाणी पकडलेला मासा जिवंतच पुन्हा पाण्यात सोडला जातो. नदीचे डोह, प्रवाह व माशांच्या सवयी ठाऊक असलेला स्थानिक वाटाड्या शुल्क घेऊन पाहुण्यास नदीवर नेतो, तेव्हा या छंदास व्यवसायाचे रूप येते. ग्राहक येथे नांदत्या नदीवरील एका दिवसाचे मोल देतो. सोडलेला मासा पुन्हा पुन्हा उत्पन्न देऊ शकतो. परंतु मासे मेले वा पाणी नासले, की व्यवसायही संपतो. त्यामुळे नदी कोणी राखावयाची व तसा अधिकार कोणाला, हा या व्यवसायाच्या नियमनाचा मूळ प्रश्न होय.

साधने व तंत्र : गळमासेमारीचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात गळाला खरे आमिष लावतात, उदा., कावेरी नदीवर महसीर माशासाठी नाचणीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा वापरीत. दुसऱ्या प्रकारात पिसे, केस व रंगीत दोरा गळावर गुंडाळून तयार केलेली कृत्रिम माशी वापरतात. ही माशी इतकी हलकी असते, की ती स्वतःच्या वजनाने दूर जाऊ शकत नाही. म्हणून या प्रकारात दोरच जाड व वजनदार असतो. लवचिक काठीने तो डोक्यावरून मागे-पुढे झुलवून प्रवाहात टाकतात आणि त्याच्या टोकाशी जोडलेल्या बारीक पारदर्शक दोऱ्याने माशी अलगद पाण्यावर उतरते. पाण्यावर तरंगणारी माशी कीटकाचे, तर बुडणारी माशी अळीचे किंवा लहान माशाचे सोंग घेते.

मासा जिवंत सोडावयाचा असल्यास काही पथ्ये पाळावी लागतात. उलटा काटा नसलेला गळ वापरणे, माशाला ओल्या हातांनी धरणे, त्याला शक्य तो पाण्याबाहेर न काढणे आणि दमलेला मासा प्रवाहाकडे तोंड करून सावरेपर्यंत धरून ठेवणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. उन्हाळ्यात पाणी तापून त्यातील प्राणवायू घटतो, तेव्हा सोडलेला मासाही मरण्याचा संभव वाढतो. ही पथ्ये पाहुण्याकडून पाळून घेणे हे वाटाड्याचे काम असते.

इतिहास : भारतात या क्रीडेची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र वर्णन आले असून त्यात माशांच्या जाती, त्यांचे खाद्य, आमिषे व गळ टाकण्याची रीत यांची माहिती आहे. यूरोपात आयझाक वॉल्टन याच्या द कम्प्लीट अँग्लर (१६५३) या ग्रंथाने या छंदास साहित्यात स्थान मिळवून दिले.

ब्रिटिश अमदानीत अधिकाऱ्यांचे लक्ष हिमालयातील व दक्षिणेतील महसीर माशांकडे वेधले गेले. डब्ल्यू. एच. साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरचे शास्त्रीय वर्णन पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून केले. टॉर खुद्री हे त्याचे शास्त्रीय नाव होय. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी एच. एस. टॉमस याचा द रॉड इन इंडिया (१८७३) हा ग्रंथ भारतातील गळमासेमारांचा दीर्घकाळ मार्गदर्शक ठरला. काश्मीरमध्ये १९०० च्या सुमारास व कुलू खोऱ्यात १९०९ मध्ये ट्राउट या विदेशी माशाचे रोपण करण्यात आले. काश्मीरमध्ये नदीचे ठरावीक टप्पे पाडून प्रत्येक टप्प्यावर मोजक्याच परवानेधारकांना सोडण्याची पद्धत रूढ झाली. हिमाचल प्रदेशात ट्राउटच्या प्रजननासाठी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदीकाळ पाळला जातो.

मुंबईत १८९१ मध्ये बांधण्यात आलेला पवई तलाव पिण्याच्या पाण्यासाठी अयोग्य ठरल्यावर गळमासेमारांचे केंद्र बनला. बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन ही तेथील संस्था पुढे महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन या नावाने ओळखली जाऊ लागली. तलावात बीज सोडणे, सभासदांच्या मासेमारीवर मर्यादा घालणे व चोरट्या जाळ्यांवर लक्ष ठेवणे ही कामे तिने केली. तथापि भोवतालच्या वस्तीचे सांडपाणी व जलपर्णी यांपुढे अशा संस्थेचे बळ अपुरे पडते, हेही पवईच्या उदाहरणावरून दिसून येते.

कायदे : भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय आहे, प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी तेवढी संघसूचीत येते. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने स्फोटके वापरून वा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. महाराष्ट्रात अंतर्गत जलाशयांसाठी महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० व सागरी क्षेत्रासाठी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हे प्रमुख कायदे आहेत. राज्यातील पुष्कळ जलाशयांचे मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. अशा ठिकाणी छंद म्हणून येणारा गळमासेमार हा त्या संस्थेचा एक प्रकारे पाहुणाच असतो. वाहत्या नदीची गोष्ट याहून निराळी आहे. तेथे एखाद्या टप्प्याची राखण करण्याचा निश्चित अधिकार असलेली संस्था क्वचितच आढळते.

अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांस वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू होतो. या अधिनियमातील प्राण्याच्या व्याख्येत माशांचाही समावेश आहे. त्यामुळे पुन्हा सोडण्यासाठी गळाने मासा पकडणे ही शिकार ठरते काय, असा प्रश्न उपस्थित झाला व त्याचा सर्वांत मोठा परिणाम कावेरी नदीवर दिसून आला.

कावेरीचा अनुभव : कावेरीतील कुबड्या महसीर हा जगातील सर्वांत मोठ्या महसीरांपैकी एक होय. १९४६ मध्ये तिच्या कबिनी या उपनदीत सु. ५४ किग्रॅ. वजनाचा मासा गळाने पकडल्याची नोंद आहे. पुढे सुरुंग व विष यांमुळे या माशांची संख्या घटली. एकोणीसशे सत्तरच्या दशकापासून वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया ही संस्था व नंतर जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स हा कर्नाटक शासनाचा उपक्रम यांनी नदीचे काही टप्पे राखले. भीमेश्वरी, गॅलिबोर व दोड्डमाकळी येथील छावण्यांत देशोदेशींचे गळमासेमार येत. पकडलेला प्रत्येक महसीर सोडून देण्याचा तेथे नियम होता. पूर्वी चोरटी मासेमारी करणाऱ्यांपैकी काहींना वाटाडे व राखणदार म्हणून काम मिळाले आणि पाहुण्यांच्या शुल्कातून राखणीचा खर्च भागू लागला.

हा प्रदेश १९८७ मध्ये कावेरी अभयारण्यात समाविष्ट झाला होता. अभयारण्यात गळाने मासा पकडणे हे कायद्याविरुद्ध आहे, असा अर्थ लावला गेल्याने २०१० नंतरच्या एकदोन वर्षांत तेथील गळमासेमारी बंद झाली. पाहुण्यांबरोबर नदीकाठची रोजची राखणही गेली, असा आक्षेप संशोधकांनी व छावणीचालकांनी घेतला. याउलट, वन्य प्राण्याला केवळ करमणुकीसाठी इजा करण्यास अभयारण्यात मुभा असू नये, ही भूमिका कायद्याच्या हेतूशी सुसंगत होती. प्राण्याला होणारी इजा व त्याच्या जातीचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, यावर या वादात सर्वमान्य तोडगा निघाला नाही.

या व्यवसायाची दुसरी बाजू त्याच्याच नोंदवह्यांतून पुढे आली. गॅलिबोर येथील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण मासे वाढत असले, तरी ती वाढ बाहेरून आणून सोडलेल्या दख्खनच्या निळ्या पराच्या महसीरची होती. मूळचा कुबड्या महसीर घटत चालला होता आणि गळाला लागणाऱ्या त्याच्या माशांचे सरासरी आकारमान वाढत होते. याचा अर्थ नवी पिढी तयार होत नव्हती. या माशाचे शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले व आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत केली. संख्येने भरलेली नदी ही निरोगी नदी असतेच असे नाही, हे या नोंदींनी दाखवून दिले. परंतु नोंदवह्या ठेवल्या नसत्या, तर ही गोष्ट ध्यानातही आली नसती.

महाराष्ट्रातील महसीर : कावेरीत सोडलेल्या त्या माशाचा संबंध महाराष्ट्राशी आहे. राज्याचे मत्स्यव्यवसाय संचालक म्हणून काम केलेले सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनच्या महसीरच्या प्रजननाचा अभ्यास करून १९७० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या सुमारास टाटा वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे महसीरचे बीज तयार करण्याचे केंद्र उभारले आणि तेथील बोटुकली अनेक राज्यांना पुरविण्यात आली. घटत्या माशाला वाचविण्यासाठी सुरू झालेला हा प्रयत्न महाराष्ट्रात उपकारक ठरला. पण दुसऱ्या नदीखोऱ्यात तोच मासा स्थानिक जातीचा स्पर्धक बनला. मासे सोडण्यापूर्वी त्या नदीची मूळ जात कोणती हे पाहणे नियमनात का आवश्यक असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कायद्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात महसीरचे रक्षण श्रद्धेने केले आहे. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंड, पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठचे तिळसे आणि इंद्रायणीवरील देहू येथील डोहांत मासे देवाचे मानले जातात. ते कोणी पकडत नाही. उलट भाविक त्यांना कुरमुरे, फुटाणे घालतात. डोहाची हद्द, सर्वांना ठाऊक असलेला निर्बंध व तो पाळला जातो की नाही हे पाहणारे गावकरी, असे परिणामकारक नियमनाचे तिन्ही घटक येथे एकत्र आढळतात. मात्र वरून येणारे सांडपाणी थोपविणे श्रद्धेच्या आवाक्याबाहेरचे आहे.

नवी मुंबईचा परिसर : ठाणे खाडीच्या पूर्वकाठी वसलेल्या नवी मुंबईच्या नियोजनासाठी १९७० मध्ये सिडको ही संस्था स्थापन झाली. येथील मूळ वस्तीत दिवाळे, वाशी, सारसोळे, करावे इ. गावांतील कोळी व आगरी समाजांचा मोठा भाग आहे. खाडीतील मासेमारी फेकजाळे (पाग), डोल व गळ यांनी होत आली आहे. गळमासेमारांच्या दृष्टीने या पट्ट्यातील सर्वांत मोलाचा मासा जिताडा होय. तो खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांत राहतो, कृत्रिम माशीवर झडप घालतो आणि ऑस्ट्रेलियात बॅरामुंडी या नावाने तेथील मार्गदर्शित गळमासेमारीचा आधार बनला आहे. जिताडा प्रथम नर असतो व मोठा झाल्यावर मादी बनतो. म्हणून क्वीन्सलंड राज्यात ५८ सेंमी.हून लहान जिताड्यांप्रमाणेच १२० सेंमी.हून मोठे जिताडेही पकडून ठेवण्यास मनाई आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये समुद्री मासळीच्या ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले.

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला व २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ऐरोली येथील सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी नौकाफेऱ्या सोडल्या जातात. प्रादेशिक जलधीचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यावसायिक हिताचे रक्षण करण्याची तरतूद १९७२ च्या अधिनियमात आहे. छंदार्थ मासेमारी करणाऱ्यांना मात्र तसे संरक्षण नाही. पोटासाठी टाकलेले जाळे व हौसेसाठी टाकलेला गळ यांत कायद्याने केलेला हा भेद या किनाऱ्यावर विशेष अर्थपूर्ण ठरतो.

नवी मुंबईमागच्या डोंगरांतून येणाऱ्या नद्यांची स्थितीही विचारात घ्यावी लागते. लोणावळा परिसरातील टाटांच्या जलाशयांचे पाणी खोपोलीच्या वीजकेंद्रातून (१९१५) पाताळगंगेत व मुळशीचे पाणी भिऱ्याच्या केंद्रातून (१९२७) कुंडलिकेत उतरते. भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर कोलाड येथे तराफ्यातून प्रवाहप्रवासाचा व्यवसाय उभा राहिला व तेथील तरुणांना वाटाड्याचे काम मिळाले. वाहत्या नदीवर अशी उपजीविका शक्य आहे, हे त्यावरून दिसते. याउलट तळोजे औद्योगिक वसाहतीजवळील कासाडी नदी प्रदूषणाच्या तक्रारींमुळेच ओळखली जाऊ लागली. तराफा मासे नसलेल्या पाण्यावरही तरंगतो; गळमासेमारीच्या वाटाड्याला मात्र जिवंत पाणीच लागते. परवाने, बंदीकाळ व आकारमानाच्या मर्यादा हे नियमनाचे साधे भाग होत. नदीचा टप्पा राखण्याची जबाबदारी, त्यासाठीचा अधिकार आणि त्यातून मिळणारे उत्पन्न ही तिन्ही काठावरच्या लोकांकडे एकत्र आल्यावाचून हा व्यवसाय व त्याचा आधार असलेले मासे टिकणे कठीण असते.